रेडिओताईंची झाली ‘मिस’

अगं, ती चादर राहू दे जरा. आधी हे सांग, तुला कोणी सांगितलं की कोपऱ्यावरच्या रेडिओताईंना नोकरीवरून काढलं, म्हणून बिचाऱ्या शाळेत पोरांना रंग वाटत फिरतात? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ऐकलंस? वाटलंच मला. लंडनच्या अर्ध्या हॅरोत हीच कथा फिरतेय आणि प्रत्येक घरी थोडी थोडी वाढतेय. परवा एकीनं तर मलाच विचारलं, त्या डिनर लेडी, म्हणजे शाळेत जेवण वाढणाऱ्या, झाल्यात का हो म्हणून! झाल्या असत्या तरी काय बिघडलं होतं, पण नाही झाल्या. पूर्ण वेळच्या, पक्क्या, आर्टच्या शिक्षिका आहेत. तुझ्या लेकाला शिकवतात त्याच. बस त्या बादलीवर, पाऊस येईपर्यंत सांगते.

तर बाई मूळच्या गिरगावच्या. शिकल्या कुठे, तर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १८५७ सालचं कॉलेज ते, तिथे प्रवेश मिळायलासुद्धा नशीब लागतं. बीएफए केलं, पेंटिंग घेऊन. आणि पदवी हातात पडल्यावर शिरल्या कशात? आकाशवाणीत! त्यांच्या सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, एवढी चित्रं शिकली आणि जाऊन बसली कुठे, तर जिथे काही दिसतच नाही तिथे. सासूबाईंच्या जिभेला धार होती, पण हे मात्र बरोबर बोलायच्या.

घडलं असं, की ऑइल कलरच्या ट्यूबा तेव्हाही महागच होत्या. मैत्रिणीबरोबर आकाशवाणीच्या युववाणीवर बोलायला गेल्या, पाकीट मिळालं, त्यात रंग आले. पुन्हा बोलावलं, पुन्हा गेल्या. मग कॅज्युअल अनाउन्सरची परीक्षा दिली, पास झाल्या. आवाज असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम थांबवावं. अजूनही आहे, तुझ्या लेकाला विचार. कुंचला मागे पडला आणि आवाज पुढे गेला. मग लग्न, नवऱ्याची लंडनची नोकरी आणि नव्वदच्या दशकात बुश हाउस.

बुश हाउस म्हणजे बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचं घर गं. ऑल्डविचला आहे इमारत, १९४१ पासून २०१२ पर्यंत तिथून जगभरच्या भाषा बोलल्या गेल्या. आता किंग्ज कॉलेजची मुलं जातात तिथे. रेडिओताई म्हणतात, खालच्या कॅन्टीनमध्ये एका टेबलावर रशियन भांडतायत, दुसऱ्यावर सोमाली हसतायत आणि चहा मात्र सगळ्यांना सारखाच पाणचट. मराठी काम तेव्हा तिथे नव्हतंच. एके काळी होतं. १९४२ मध्ये बीबीसीनं मराठीत बोलायला सुरुवात केली आणि १९५८ मध्ये बंद केलं. आपली शिरोळची वेणू चितळे त्या युद्धाच्या काळात बीबीसीत होती, जॉर्ज ऑरवेलबरोबर काम करायची. पुन्हा मराठी सुरू झालं ते २०१७ मध्ये, तेही दिल्लीहून, तोवर आमच्या ताई कधीच बाहेर पडलेल्या. त्यांनी काम केलं हिंदी विभागात. गिरगावची मुलगी, आणि लखनौच्या माणसानं मान डोलवावी असं हिंदी!

आता काढलं की सोडलं, ते ऐक. जानेवारी २०११ मध्ये जाहीर झालं की वर्ल्ड सर्व्हिसमधल्या साधारण साडेसहाशे जागा कमी होणार. हिंदीचा शॉर्टवेव्ह रेडिओसुद्धा बंद करणार होते. मग इथे आणि भारतात ओरड झाली, मोठमोठ्या लेखकांनी पत्रं लिहिली, तेव्हा एक तास वाचला. तोही २०२० च्या जानेवारीअखेर संपला. पण रेडिओताईंना कोणी बोट धरून बाहेर काढलं नव्हतं. स्वतःहून जाणाऱ्यांना पैसे देत होते, त्या यादीत त्यांनी आपणहून नाव घातलं. म्हणाल्या, दरवाजा बंद होताना त्यात बोट ठेवून कशाला उभं राहायचं. वय चव्वेचाळीस. लेक युनिव्हर्सिटीच्या उंबरठ्यावर, घराचे हप्ते चालू.

लगेच शाळेत गेल्या असं समजू नकोस. मधली दोन वर्षं फार वाईट गेली त्यांची, आणि ते कोणी हळदीकुंकवाला सांगत नाही. आवाज होता, त्याला गिऱ्हाईक कुठलं? लग्नात सूत्रसंचालन करा, भांगडा सुरू होण्याआधी पाहुण्यांना जेवायला बोलवा. साडीच्या सेलची जाहिरात वाचा. दवाखान्यात दुभाषी म्हणून जा. हे शेवटचं काम त्यांनी मनापासून केलं, पण त्यातून महिना भागत नव्हता. मग जवळच्या शाळेत नव्यानं आलेल्या मुलांना इंग्रजी समजावून द्यायला मदतनीस हवी होती, टीचिंग असिस्टंट. गुजराती, हिंदी येणारी. त्या गेल्या. पगार ऐकशील तर हसशील.

आणि तिथे तो मग आला. चहाचा मग गं. आर्टच्या तासाला एका मुलाशेजारी बसल्या होत्या, टेबलावर मग ठेवलेला, सगळी पोरं काढत होती. त्या मुलानं मगाचा वरचा काठ काढला लंबगोल, आणि तळ काढला सरळ पट्टीनं मारल्यासारखा. सगळ्यांचंच तसं होतं. बाईंना राहवेना. जे. जे. मध्ये पहिल्या वर्षी अशा काठांवरून बोलणी खाल्लेली! वाकून हळूच म्हणाल्या, वरचा काठ तुला गोल दिसतो तर खालचा सपाट कसा होईल, मग काय मध्येच विचार बदलतो का? तो मुलगा हसला, शेजारचा हसला, आणि दहा मिनिटांत अख्ख्या रांगेचे मग टेबलावर नीट बसले. आर्टच्या बाईंनी तास संपल्यावर विचारलं, तुम्ही हे कुठे शिकलात? तोपर्यंत त्या शाळेत कोणाला ठाऊकच नव्हतं की यांच्याकडे फाइन आर्टची पदवी आहे. कोणी विचारलंच नव्हतं. आपल्याला इथे किती वर्षं कोणी काही विचारत नाही, ते तुला हळूहळू कळेलच.

मग सुरू झाली कागदांची वारी. इथे सरकारी शाळेत पक्कं शिकवायचं तर क्यूटीएस लागतं, म्हणजे शिक्षक म्हणून मान्यता. त्यासाठी बहुतेक जण वर्षाचा पीजीसीई कोर्स करतात. त्याआधी तुमची पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे का, हे एका संस्थेकडून लिहून आणायचं. तेव्हा तिला नॅरिक म्हणायचे, आता एनिक. पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. मधला दुवा म्हणजे लग्नाचा दाखला, तो मराठीत. त्याचं प्रमाणित भाषांतर आणा म्हणाले. आता ही बाई आयुष्यभर भाषांतर करून बातम्या वाचत आलेली, पण स्वतःच्या दाखल्याचं भाषांतर स्वतः करून चालत नाही! दिले पैसे दुसऱ्याला, आणि त्यानं केलेल्या दोन चुका घरी बसून दुरुस्त केल्या. वर इंग्रजी आणि गणित इथल्या दहावीच्या तोडीचं येतं हे दाखवायला परीक्षा. गिरगावातली मराठी शाळा यांच्या यादीत कुठून असणार!

आणखी एक गंमत. त्या काळी शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना भाषेची आणि गणिताची वेगळी चाचणी असायची. २०२० पासून ती बंद झाली. गणिताचा तोंडी भाग कसा, तर कानाला हेडफोन लावायचा, त्यातून प्रश्न दोनदा ऐकू येणार, कॅल्क्युलेटर नाही, ठरलेल्या सेकंदात उत्तर द्यायचं. तीनदा नापास झालात की दोन वर्षं बसता यायचं नाही. मी घाबरवायला गेले तर मलाच म्हणतात, अहो, हेडफोनमध्ये प्रोड्यूसर ओरडत असताना मी दुसऱ्या भाषेतली बातमी वाचलीय, तिथे टक्केवारी काय घेऊन बसलात! पहिल्या फटक्यात पास.

पीजीसीईचं वर्ष मात्र सोपं गेलं नाही. त्या वर्षात एकशेवीस दिवस शाळांमध्ये काढायचे असतात, निदान दोन वेगवेगळ्या शाळांत. फी तेव्हा नऊ हजार पौंडांच्या आसपास, कर्ज काढून. आणि वर्गात मागे बसून यांच्यावर शेरे लिहिणारी गुरू कोण, तर सत्तावीस वर्षांची पोरगी. सत्तावीस! त्यांची लेक तिच्यापेक्षा थोडीच लहान. पहिल्या तासानंतर त्या पोरीनं लिहिलं, तुम्ही फार सुंदर बोलता, पण फार बोलता. झोंबलं असणार. रात्री इथे याच कुंपणाशी उभ्या राहून मला सांगत होत्या, आवाज जरा बसलेला.

पण खरं सांगू का, ती पोरगी हुशार. रेडिओवाल्या माणसाला सगळ्यात मोठी भीती कशाची, माहितेय? शांततेची. बोलता बोलता तीन-चार सेकंद काही ऐकू आलं नाही तर ऐकणाऱ्याला वाटतं स्टेशन गेलं. आत सगळे घामाघूम. तेव्हा मोकळी जागा दिसली की भरायची, ही वीस-एक वर्षांची सवय. वर्गात काय करायच्या, प्रश्न विचारायचा आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर द्यायचं, तेही सुरेख. तेव्हा त्या गुरूनं यांना एक निबंध वाचायला दिला. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या आसपास वर्गावर्गात बसून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात. जेमतेम एक सेकंद! आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, जी कधी बोलत नाहीत तीही बोलतात. रेडिओताईंनी मग काय केलं? घड्याळ लागतं कोणाला, सेकंद त्यांच्या अंगातच मुरलेले. प्रश्न विचारायच्या आणि मनात मोजायच्या. सुरुवातीला म्हणे त्या तीन सेकंदांत तळहाताला घाम यायचा.

तेव्हा रेडिओ वाया गेला असं जे म्हणतात ना, त्यांना काही कळत नाही. तुझ्या लेकानं घरी सांगितलं का, पाठीला पाठ लावून चित्र काढायचं ते? दोघं जण पाठ करून बसतात. एकाच्या हातात वस्तू, आलं असेल, किल्ली असेल, जुना नळ असेल. त्यानं फक्त बोलायचं, नाव न घेता. कुठून वाकतं, कुठे जाड होतं, सावली कुठल्या बाजूला आहे. दुसऱ्यानं ऐकून काढायचं. नुसतं ‘गोल आहे’ म्हटलं की ताई विचारतात, नाण्यासारखं गोल की बटाट्यासारखं? आता हा खेळ काही त्यांनी शोधलेला नाही, चित्रकलेच्या पुष्कळ वर्गांत खेळतात. पण दिसत नसलेलं दुसऱ्याला दिसेल असं बोलायचं कसं, हे शिकवायला रेडिओवरच्या माणसासारखं माणूस कुठून आणणार?

उलट त्यांना स्वतःला जड गेलं ते दुसरंच. तुझ्या लेकानं पुण्याला चित्रकलेची एलिमेंटरी दिलीय ना? ए ग्रेड? शाब्बास. मग तुला माहीतच आहे. आपल्याकडे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. कागद मिळतो, वेळ मिळतो, कागद स्वच्छ हवा, खाडाखोड दिसता कामा नये. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला सात मार्क जास्तीचे, त्यासाठीच निम्मी मुलं बसतात. इथे जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, सगळं उलटं. साठ टक्के मार्क दोन वर्षांच्या वह्या-कामाला, चाळीस टक्के शेवटच्या नेमून दिलेल्या कामाला, त्यात दहा तास बसून काढायचं. आणि स्केचबुकात फसलेलं चित्रसुद्धा चिकटवायचं! का फसलं ते शेजारी लिहायचं, मग पुढे काय करून पाहिलं ते दाखवायचं. मार्क त्या शोधाशोधीलाही आहेत. जे. जे. ची बाई, तिला कडेकडेनं रंग सांडलेलं पान बघून पहिले कितीतरी दिवस खोडरबर घ्यावासा वाटायचा. आता त्याच पोरांना ओरडतात, पान फाडलंस तर खबरदार.

मला विचारशील तर आपली पद्धत अगदीच टाकाऊ नाही. हात बसल्याशिवाय नुसत्या कल्पनांचं काय लोणचं घालायचं? ताईही तेच म्हणतात, म्हणून त्यांच्या वर्गात रोज पहिली पाच मिनिटं नुसतं बघून काढायचं, बोलायचं नाही. पण इथली पोरं न घाबरता कागदावर तुटून पडतात, ती निर्भयता आपल्याकडे दहावीपर्यंत घासून घासून संपवतात, हेही खरं.

आणि हो, दिवाळी. दर ऑक्टोबरात कोणीतरी येतंच विचारायला, मिस, रांगोळीची वर्कशॉप घ्याल ना? एकदा घेतली, दुसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, ख्रिसमसला मला कोणी का विचारत नाही? त्या वर्षी त्यांनी सातवीकडून थेम्सचे पूल काढून घेतले आणि रांगोळी घातली गणिताच्या सरांनी, ठिपक्यांची, कागदावर आधी आखून. छान आली होती. मला फार आवडलं हे. भारतातून आलेल्या बाईनं जन्मभर वारली आणि मेंदीच का शिकवावी?

सगळं गोड आहे असं सांगून तुला फसवत नाही. पगार पहिली काही वर्षं रेडिओपेक्षा कमीच होता. दिवसभर उभं राहून गुडघे बोलतात. ज्या आवाजासाठी कानपूर-पाटण्याहून पत्रं यायची, त्याच आवाजाच्या उच्चारांची नक्कल सातवीतलं एखादं कार्टं करतं. त्याला त्यांनी काय केलं? पुढे बोलावलं, म्हणाल्या, छान करतोस, पण श्वास चुकीच्या जागी घेतोस, आणि कुठे घ्यायचा ते शिकवलं. पुन्हा कोणी केली नाही. पण स्वतःचं चित्र काढायला मात्र वेळ उरत नाही. वरच्या खोलीत एक कॅनव्हास आहे, तो दर उन्हाळ्यात थोडा पुढे सरकतो, सप्टेंबरात पुन्हा भिंतीकडे तोंड. त्याबद्दल विचारलेलं त्यांना आवडत नाही, तेवढं लक्षात ठेव.

आणि विषयालाच किंमत कमी. २०१० मध्ये सरकारनं शाळा मोजायला एक यादी काढली. इंग्रजी, गणित, विज्ञान, एक परकी भाषा, इतिहास नाहीतर भूगोल. चित्रकला त्यात नव्हती, संगीत नव्हतं. मग हेडमास्तर तास कुठून कापणार? तिथूनच. रंगाच्या खर्चाला कात्री लागली की ताई आमच्याकडून जुनी वर्तमानपत्रं, अंड्यांचे खोके, कांद्याची सालं घेऊन जातात. सालं कशाला? रंग करतात त्याचा.

पेपरात आलं होतं बघ, लूसी केलवे म्हणून फायनान्शियल टाइम्समध्ये तीसेक वर्षं लिहिणारी बाई, तिनं पन्नाशी ओलांडल्यावर, २०१७ मध्ये, पेपर सोडला आणि हॅकनीच्या शाळेत गणित शिकवायला गेली. वर तशाच मधल्या वयातल्या लोकांना शिक्षक करायला नाऊ टीच नावाची संस्था काढली. सगळ्यांनी वाहवा केली, आणि करावीच. पण आमच्या ताईंनी तेच तिच्याआधी तीन-चार वर्षं केलं, परक्या देशात, परक्या भाषेत, कर्ज काढून. तर त्यांच्या वाट्याला हळदीकुंकवातलं च्-च्-च्!

पाऊस आलाच बघ, घे ती चादर. आता लेकाच्या जीसीएसईच्या ऑप्शन फॉर्मबद्दल माझं ऐक. तुझे हे म्हणतात कॉम्प्युटर सायन्स घे, घेऊ दे की. ऑप्शनमध्ये एकच रकाना असतो का? मुलगा वह्यांच्या मागे हात काढत बसतो, पाहिलेत मी, बोटांची पेरं बरोबर येतात त्याची. आर्टपुढे खूण कर. तुला शंका असेल तर गुरुवारी पालकसभेत ताईंना जाऊन भेट आणि सरळ विचार, पण त्याला डॉक्टर-इंजिनीअर होता येईल का, हे नको विचारूस, ते सगळेच विचारतात. त्याच्या वहीतलं एक पान दाखवायला सांग. आणि फॉर्म शुक्रवारपर्यंत दे. पुरेशी नावं आली नाहीत तर शाळा वर्गच उघडत नाही, मागच्या साली टेक्स्टाइलचा नाही उघडला.